बुडालेले रान आणि बुडवलेले रान : लेक हवासूच्या तळाचा इतिहास

१.
अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, वाळवंटाच्या मधोमध, लंडनचा पूल उभा आहे. टेम्स नदीवर १८३१ साली खुला झालेला हा दगडी पूल १९६८ मध्ये २४ लाख ६० हजार डॉलरना विकला गेला. चिऱ्याचिऱ्यावर क्रमांक घालून तो समुद्रमार्गे आणण्यात आला आणि १९७१ मध्ये कोलोराडो नदीवरील लेक हवासू या जलाशयाकाठी पुन्हा उभारण्यात आला. तो पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. त्याच जलाशयाच्या तळाशी माणसानेच वसवलेली दुसरी एक वस्ती आहे. ती मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

२.
ही वस्ती माशांची आहे. पीव्हीसी नळांचे सांगाडे, काँक्रीटचे सांडपाण्याचे नळ, फांद्यांचे बांधलेले भारे अशा साहित्याने सुमारे ८७५ एकर तळ सजवण्यात आला. त्यासाठी दहा वर्षांचा कालावधी आणि सुमारे १ कोटी ६० लाख डॉलरचा खर्च ठरवण्यात आला होता. ७० किलोमीटरहून अधिक लांबीच्या, तुडुंब भरलेल्या जलाशयात माशांना घर बांधून देण्याची वेळ का यावी, या प्रश्नाचे उत्तर धरणाच्या जन्मकथेत दडलेले आहे.

३.
पार्कर धरणाचे काम १९३४ मध्ये सुरू झाले. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या शहरांना कालव्याने पाणी नेण्यासाठी ते हवे होते. आपल्या वाट्याचे पाणी जाणार म्हणून अ‍ॅरिझोनाचे गव्हर्नर बेंजामिन मूर यांनी काम रोखण्यासाठी चक्क राज्याचे नॅशनल गार्ड नदीकाठी धाडले. सैनिकांनी पाहणीसाठी नदीतल्या नावा घेतल्या. त्यावरून ‘अ‍ॅरिझोनाचे आरमार’ अशी थट्टा झाली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, १९३५ मध्ये निकाल अ‍ॅरिझोनाच्या बाजूने लागला आणि त्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून धरणाला मंजुरी दिली. १९३८ मध्ये धरण पूर्ण झाले. एवढ्या भांडणात पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब मांडला गेला. पाण्यात राहणाऱ्यांचा विचार त्यात कुठेच नव्हता.

४.
धरणाची उंची सुमारे ९८ मीटर असली तरी त्यातले सुमारे ७२ मीटर नदीच्या तळाखाली गाडलेले आहे. भक्कम खडक लागेपर्यंत एवढे खोल खणावे लागले. याचा अर्थ असा की कोलोराडोने त्या ठिकाणी युगानुयुगे गाळाचा प्रचंड थर साचवला होता. त्या गाळावर नदीकाठची कॉटनवुड, विलो आणि मेस्कीटची राने उभी होती. चेमेहुएवी या आदिवासी समाजाची सुपीक काठची जमीनही तिथेच होती. पाणी चढले तशी राने आणि शेते दोन्ही बुडाली. नव्या जलाशयाला मात्र मोहावे भाषेतला ‘निळा’ या अर्थाचा शब्द नाव म्हणून मिळाला.

५.
नवा जलाशय पहिली काही वर्षे माशांनी गजबजतो. बुडालेल्या मातीतून आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून पोषकद्रव्ये पाण्यात उतरतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पती, त्यांवर सूक्ष्म प्राणी आणि त्यांवर माशांची पिल्ले पोसली जातात. बुडालेली झाडे त्या पिल्लांना लपायला जागा देतात. मासे धरणाऱ्यांना वाटते की धरणाने भाग्य उजळले. वस्तुतः तो बुडालेल्या रानाने सोडलेला वारसा असतो, आणि तो खर्च होत असतो.

६.
काही वर्षांत पोषकद्रव्ये ओसरतात. बारीक फांद्या आधी गळतात, मग जाड फांद्या, शेवटी खोड. पाण्याची पातळी जिथे वर-खाली होते तिथे लाकूड आलटून पालटून भिजते आणि वाळते, त्यामुळे ते अधिकच लवकर कुजते. लाटा काठ पोखरतात, गाळ खाचखळगे भरून काढतो. हवासूच्या वर हूवर आणि पुढे डेव्हिस ही धरणे झाल्याने नदीचा गाळ व त्यासोबतची पोषकद्रव्ये वरच अडली. खाली आले ते स्वच्छ पाणी. डोळ्यांना सुखावणारे, पण पिल्लांना आडोसा न देणारे.

७.
अनेक जलाशयांत तर बुडण्यापूर्वीच झाडे तोडून टाकली जात. नावांना अडथळा नको, तरंगत्या ओंडक्यांनी धरणाच्या यंत्रांना धोका नको, असा त्यामागचा विचार असे. अभियंत्याच्या दृष्टीने तो रास्त होता. माशांच्या दृष्टीने मात्र घर मोडून मोकळे अंगण हाती दिल्यासारखे झाले.

८.
पाण्यात फांद्या टाकल्या की मासे येतात, हे ज्ञान विज्ञानाहून फार जुने आहे. बंगालच्या नद्यांत ‘काठा’ नावाने फांद्यांचे ढीग रचून मासे गोळा करण्याची रीत आहे. पश्चिम आफ्रिकेतील बेनिनच्या उथळ खाजणांत कोळी तळाच्या चिखलात दाट फांद्या रोवतात. या पद्धतीला ‘अकाजा’ म्हणतात. काही महिन्यांनी भोवती जाळे लावून, फांद्या उपसून आतले मासे काढले जातात. जपानमध्ये अवाजी बेटाजवळच्या कोळ्यांना अठराव्या शतकाच्या अखेरीस एका बुडालेल्या जहाजाभोवती विपुल मासळी मिळे. जहाज मोडून विरघळले तशी मासळीही गेली. तेव्हा त्यांनी लाकूड आणि बांबूचे सांगाडे करून समुद्रात सोडले, असे तिथला इतिहास सांगतो.

९.
या जुन्या रीतींत एक शहाणपण होते आणि एक भांडणही होते. अकाजात माशांना आडोसा मिळे, शिवाय फांद्यांवर वाढणाऱ्या शेवाळाच्या थरावर त्यांचे पोट भरे. म्हणजे ते घरही होते आणि शेतही. पण ज्याने फांद्या रोवल्या त्याचे ते पाणी झाले. ज्याच्याकडे लाकूड आणायला पैसा नव्हता, त्याच्यासाठी सामाईक खाजण आकसत गेले. काठावरची झाडेही संपत चालली. पाण्याखाली काही रोवणे हे नुसते मासेमारीचे तंत्र कधीच नव्हते. पाणी कोणाचे आणि मासा कोणासाठी, हा प्रश्न त्यात पहिल्यापासून गुंतलेला होता.

१०.
अमेरिकेत या कल्पनेला शास्त्राचे रूप मिळाले ते मिशिगन राज्यात, १९३० च्या दशकात. मत्स्यशास्त्रज्ञ कार्ल हब्ज आणि त्यांचे सहकारी आर. विल्यम एश्मायर यांनी १९३८ मध्ये तलावांच्या सुधारणेवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. फांद्यांचे भारे कसे बांधावेत, किती खोलीवर टाकावेत, अंडी घालण्यासाठी जागा कशा कराव्यात, याची पद्धतशीर चर्चा तीत होती. काळ महामंदीचा होता. बेकार तरुणांसाठी काढलेल्या ‘सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर’च्या छावण्यांमुळे मनुष्यबळाला तोटा नव्हता. त्या तरुणांनी तलावांत फांद्यांचे असंख्य भारे सोडले.

११.
असा भारा काम कसा करतो, हे समजणे सोपे आहे. फांदीच्या पृष्ठभागावर शेवाळ धरते, शेवाळावर किडे आणि गोगलगायी येतात, त्यांच्यामागे लहान मासे. दाट जाळीत मोठ्या माशाला वळता येत नाही, म्हणून पिल्ले वाचतात. भाऱ्याच्या कडेला सावलीत मोठा मासा दबा धरून बसतो. लार्जमाउथ बास या माशाचा नर तळाशी खळगे करून अंड्यांची राखण करतो, आणि एका बाजूने आडोसा असेल तर त्याचे काम हलके होते. भारा फार दाट असला तर मोठा मासा फिरकत नाही, फार विरळ असला तर लहान मासा वाचत नाही. सारे कौशल्य मधल्या अंतरात आहे.

१२.
त्याच एश्मायर यांनी पुढे टेनेसी खोरे प्राधिकरणात काम केले. १९३६ मध्ये पूर्ण झालेल्या नॉरिस धरणाच्या जलाशयात मासे घटले आहेत, सबब विणीच्या काळात मासेमारी बंद ठेवावी, असा समज रूढ होता. त्यांच्या अभ्यासातून निराळेच चित्र पुढे आले. बहुतेक मासे कोणाच्याही गळाला न लागता वयोमानाने मरत होते. १९४४ मध्ये नॉरिसवर वर्षभर मासेमारी खुली झाली आणि मासळीचा नाश झाला नाही. मासा ‘नाही’ आणि मासा ‘सापडत नाही’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा त्यातला धडा होता. तो पुढे अनेकदा विसरला गेला.

१३.
हवासूवर १९९० च्या दशकाच्या आरंभी मोठा उपक्रम उभा राहिला. संघराज्याचा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हा विभाग, अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्नियाची मत्स्य खाती, दक्षिण कॅलिफोर्नियाला पाणी पुरवणारी संस्था आणि हौसेने गळ टाकणाऱ्यांची ‘अँगलर्स युनायटेड’ ही संघटना असे अनेक जण एकत्र आले. सहा दशकांपूर्वी पाण्यावरून भांडलेली दोन राज्ये आता माशांच्या घरांसाठी एकाच करारावर सह्या करत होती. देशातील आपल्या जातीचा हा सर्वांत मोठा प्रयत्न मानला गेला.

१४.
काम साधे आणि कष्टाचे होते. पीव्हीसी नळ कापायचे, जोडायचे, त्यांवर बर्फ अडवण्यासाठी रस्त्याकडेला लावतात तसली प्लास्टिकची जाळी ताणायची, खाली वजन बांधायचे आणि नावेतून ठरलेल्या जागी सोडायचे. किनाऱ्याच्या आत शिरलेल्या चाळीसहून अधिक खोबणी त्यासाठी निवडल्या गेल्या. स्वयंसेवकांनी या कामाला हजारो तास दिले. ज्यांना चाकाच्या खुर्चीवरून मासे धरायचे आहेत त्यांनाही जाता यावे असे धक्केही काठावर बांधले गेले.

१५.
एका बाबतीत हवासू भाग्यवान होता. त्यातून मोठमोठे पंप कॅलिफोर्नियाकडे आणि पुढे मध्य अ‍ॅरिझोनाकडेही पाणी उचलतात, त्यामुळे पाण्याची पातळी वर्षभर जवळपास स्थिर ठेवावी लागते. परिणामी तळाशी ठेवलेली घरे उघडी पडत नाहीत. ज्या जलाशयाची पातळी सिंचनासाठी दरवर्षी कित्येक मीटर उतरते, तिथे हीच घरे उन्हाळ्यात कोरड्या चिखलात उभी दिसतात. पाण्याखाली काय ठेवावे हे ठरवण्यापूर्वी पाणी कुठवर राहील हे ठरवावे लागते.

१६.
काय ठेवावे याचा धडा अमेरिकेने एका महागड्या चुकीतून घेतला. १९७२ मध्ये फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलजवळ समुद्रात सुमारे २० लाख जुने टायर बुडवण्यात आले. कचरा संपेल आणि माशांना घर मिळेल, असा दुहेरी हिशेब होता. टायरांचे गठ्ठे बांधणाऱ्या पट्ट्या तुटल्या, सुटे टायर वादळांत घरंगळत जवळच्या नैसर्गिक प्रवाळांवर आदळले आणि त्यांनाच मोडू लागले. २००७ पासून लष्कराचे पाणबुडे ते काढू लागले. टायर टाकताना जो उत्साह होता त्याच्या कित्येक पट कष्ट ते वर काढताना पडले. अडगळ पाण्यात लोटणे आणि घर बांधणे यांत फरक असतो, हे त्यातून दिसले.

१७.
मात्र टायरांहून खोल प्रश्न निराळाच होता. घर बांधल्यावर त्याभोवती मासे दिसतात, हे खरे. पण ते मासे नवे की दुसरीकडून आलेले? १९८९ मध्ये जेम्स बोनसॅक या शास्त्रज्ञाने समुद्रातील कृत्रिम भित्तींविषयी हा प्रश्न रोखठोकपणे मांडला. भित्तीमुळे मासळी वाढते की नुसती एकवटते? शंभर एकरांत विखुरलेले मासे एका एकरात जमले, तर गळ टाकणाऱ्याला भरभराट दिसते. जलाशयात मात्र एकही मासा वाढलेला नसतो. उलट, जमलेले मासे धरणे सोपे झाल्याने ते लवकर संपूही शकतात. तेव्हा घर हे घर राहत नाही. तो सापळा होतो.

१८.
या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी विस्कॉन्सिनमधील लिटल रॉक या लहानशा तलावात एक धाडसी प्रयोग झाला. पूर्वीच्या एका प्रयोगात या तलावाचे मधोमध पडदा लावून दोन भाग केले गेले होते. २००२ मध्ये संशोधकांनी त्यांपैकी एका भागातून पाण्यात पडलेली बहुतेक झाडे आणि ओंडके उचलून काढले. दुसरा भाग तसाच ठेवला. झाडे काढलेल्या भागात यलो पर्च हा लहान मासा जवळपास नाहीसा झाला. त्यावर जगणाऱ्या बास माशांची वाढ मंदावली आणि ते काठावरून पडणाऱ्या जमिनीवरच्या किड्यांवर गुजराण करू लागले.

१९.
पुढे निसर्गानेच तो प्रयोग पूर्ण केला. दीर्घ अवर्षणाने तलावाची पातळी एक मीटरहून अधिक उतरली. हात न लावलेल्या भागातले ओंडकेही आता कोरड्या काठावर उघडे पडले, आणि तिथलाही पर्च कोसळला. माणसाने काढले काय किंवा पाणी सोडून गेले काय, परिणाम एकच झाला. झाड पाण्यात पडून राहणे ही तलावाची अडगळ नसून तलावाच्या अन्नसाखळीचा खांब आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

२०.
मग झाडे परत टाकली तर? तोही प्रयोग झाला. विस्कॉन्सिन-मिशिगनच्या सीमेवरील कॅम्प लेक या तलावात २००४ मध्ये काठाने झाडे पाडून पाण्यात सोडण्यात आली. मासे त्या झाडांपाशी आले, त्यांच्या खाण्यात काही फरक पडला. पण माशांच्या संख्येत किंवा वाढीत अभ्यासाच्या काळात म्हणावा तसा बदल दिसला नाही. काढल्याचा परिणाम झटपट आणि जबर. टाकल्याचा परिणाम संथ आणि अंधुक. ज्या लाकडाला पाण्यात साचायला अनेक पिढ्या लागल्या, ते एका हिवाळ्यात परत देता येत नाही.

२१.
हवासूच्या कथेला आणखी एक पदर आहे, आणि तो अधिक बोचरा आहे. ज्या बास आणि सनफिशसाठी मुख्यतः ही घरे बांधली गेली, ते कोलोराडोचे मूळ रहिवासी नव्हेत. ते बाहेरून आणून सोडलेले आहेत. मूळचे मासे म्हणजे बोनीटेल आणि रेझरबॅक सकर. ते गढूळ, पूर-ओसर असलेल्या नदीत घडलेले. धरणांनी पूर थांबवले, पाणी नितळ केले, आणि त्या नितळ पाण्यात बाहेरच्या शिकारी माशांना त्यांची पिल्ले सहज दिसू लागली. बोनीटेल १९८० मध्ये आणि रेझरबॅक सकर १९९१ मध्ये नष्टप्राय जातींच्या यादीत गेले.

२२.
म्हणून हवासूच्या उपक्रमात दुसरे एक कलम होते. काही खोबणींची तोंडे जाळ्यांनी बंद करून आत मूळच्या माशांची पिल्ले वाढवायची आणि ती पुरेशी मोठी झाली की जलाशयात सोडायची. दोन्ही जातींचे प्रत्येकी ३० हजार मासे सोडण्याचे उद्दिष्ट होते. एकाच जलाशयात, एकाच निधीतून, एका खोबणीत शिकाऱ्याला ओसरी बांधून दिली जात होती आणि दुसऱ्या खोबणीत शिकार होणाऱ्याला कुंपण घातले जात होते. ही विसंगती कोणाच्या निष्काळजीपणाची नव्हती. गळ टाकणाऱ्यांचा पाठिंबा, कायद्याचे बंधन आणि नदीचे ऋण या तिन्हींना एका करारात बसवायचे म्हटले की तो करार असाच दिसतो.

२३.
मग हवासूची घरे यशस्वी झाली का? तिथली मासेमारी नावाजली गेली, हे खरे. २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये गळाने धरलेल्या रेडइअर सनफिशच्या वजनाचा जागतिक विक्रम याच जलाशयात झाला. पण रेडइअर शिंपल्या फोडून खाणारा मासा आहे, आणि २००७ मध्ये क्वागा नावाचा परदेशी शिंपला कोलोराडोच्या जलाशयांत शिरला होता. धरणाच्या यंत्रांना आणि नळांना त्याने जेरीस आणले. रेडइअरला मात्र मेजवानी मिळाली. त्या विक्रमी माशामागे घर किती आणि शिंपला किती, हे वेगळे काढता येत नाही. जलाशयात कोणतीही गोष्ट एकटी घडत नाही.

२४.
१९३८ मध्ये एक रान बुडाले. ते फुकट मिळाले होते, म्हणून त्याची किंमत कोणी मांडली नाही. पन्नास वर्षांनी त्याच जागी नळ आणि जाळ्यांचे रान बुडवताना खर्चाचे आकडे लिहावे लागले, तेव्हा पहिल्या रानाचे मोल कळले. आज अमेरिकेतील अनेक जलाशयांत नाताळ संपल्यावर टाकून दिलेली सूचिपर्णी झाडे वजन बांधून पाण्यात सोडतात. काही वर्षांत ती कुजतात आणि पुन्हा नवी सोडावी लागतात.

२५.
जिवंत नदीकाठ हे काम आपणहून करत असतो. वादळात झाड पडते, पाण्यात निजते, शेवाळते, पिल्लांना सांभाळते. आणि ते कुजेपर्यंत दुसरे पडते. जलाशयाच्या काठावर मात्र पडायला झाडच उरत नाही. तळाशी बांधलेली घरे त्या न पडलेल्या झाडांच्या बदल्यात आहेत. ती उपयोगी आहेत. पण ती बांधत राहावी लागणे हीच धरणाच्या हिशेबातली न लिहिलेली बाकी आहे. लंडनचा पूल एकदा आणून उभा केला की उभा राहतो. पाण्याखालचे रान मात्र दरवर्षी नव्याने लावावे लागते.